शेरा

सेंट जॉन्सच्या ऑफिसातून तक्ता आलाय. दोन रकाने :
कागदावरची आवड-चाचणी, संगणकावरची आवड-चाचणी.
वेळ, खर्च, चुका, निष्कर्षातला फरक.
आणि अगदी शेवटी, बोटभर जागेत, शेरा.

वेळ लिहिणं सोपं.
कागद : तीन आठवडे. पाकीट फेरीबोटीनं जायचं,
खाडीत बर्फ असला तर चार.
संगणक : अकरा सेकंद,
त्यातले सहा आमच्या गावच्या इंटरनेटचे.

खर्च. शिसपेन्सिली मी कधी धरल्याच नाहीत.
धरायला हव्या होत्या.
मासेमारी बंद झाली त्या हिवाळ्यात
चर्चच्या हॉलमध्ये एकेचाळीस पुरुष बसवले मी
शाळेतून आणलेल्या बाकांवर, गुडघे बाहेर,
आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सव्वीस टोकं मोडली.
जे अंगठे अंधारात जाळ्याची गाठ ओळखायचे
त्यांना अर्ध्या वाटाण्याएवढा गोल भरता येईना.
रेघेबाहेर जाऊ नका, मी सांगत फिरत होते.
लिअँडर पेनी म्हणाला, कुठं जाणार बाई,
रेघ तर त्यांनी समुद्रावरच ओढलीय.

एकशेवीस प्रश्न.
आवडेल, आवडणार नाही, सांगता येत नाही.
अनोळखी माणसांना विमा विकायला आवडेल का?
प्रयोगशाळेत उंदरांचं वजन करायला?
फुलदाणीत फुलं रचायला?
इथं मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं,
मग सगळेच हसले,
मग बराच वेळ कुणीच नाही.
एकशेवीसांत मासा एकदाही नव्हता.

चुका. कागदावर पुष्कळ.
दोन-दोन गोल भरलेले, पान उलटायचं राहिलेलं.
एकाचा चहाचा डाग यंत्रानं "आवडेल" म्हणून वाचला,
तो हॅलिफॅक्सला जाऊन कवळ्या बनवायला शिकला.
बरं चाललंय त्याचं. नाताळला कार्ड येतं.
संगणकावर चूक होत नाही.
उत्तर दिल्याखेरीज पुढचा प्रश्न येत नाही
आणि मागे जायचं बटण नाही.

लिअँडरचा कागद यंत्रानं परत पाठवला होता :
वाचता येत नाही.
तो अजून माझ्या खणात आहे. प्रश्न एकोणसाठ,
दिवसभर उघड्यावर, एकट्यानं काम करायला आवडेल का?
आवडेल. खोडलं.
आवडणार नाही. खोडलं.
पुन्हा आवडेल, इतकं दाबून
की पाठीमागून बोट फिरवलं तर आजही लागतं.
मग तेही खोडलंय. तिथं कागद विरलाय,
उजेडात धरला की पलीकडचं दिसतं.

गेल्या मंगळवारी त्याची नात ब्रायोनी
शाळेच्या लायब्ररीत चार नंबरच्या संगणकावर होती.
एका हातानं केस सावरत, दुसऱ्यानं क्लिक, क्लिक,
शेंगा सोलाव्यात तशी.
तोच प्रश्न आता तिसावा आहे. तिथं थांबली.
खाली धक्क्यावर कुणाचं तरी इंजिन
सुरू होता होत नव्हतं, नुसतं खोकत होतं.
बाण "आवडेल"वर गेला, शेजारच्यावर आला,
परत गेला, आणि तसाच राहिला.
ती इंजिन ऐकत होती.
पडद्यावर पाटी आली : तुम्ही अजून इथं आहात का?
आहे, ती म्हणाली. मोठ्यानं. पडद्याला.
आणि "सांगता येत नाही" दाबलं.

षटकोन आला, सहा रंगांचा, दिसायला देखणा.
तिनं छापून घेतला, उलटा केला,
मागचा कोरेपणा पाहिला
आणि मला विचारलं, पेन्सिल आहे का?
काय लिहिलं ते मी वाचलं नाही.
खोडरबर मागितला, एवढं मात्र पाहिलं.

निष्कर्षातला फरक : नगण्य.
लिहिलंय तसं. आकडे पाहता खरंही आहे.
शेऱ्याची जागा अजून रिकामी.
दोनदा काही लिहिलं होतं, राहिलं नाही.
फेरीबोट शुक्रवारी आहे.